शिकवलेले व्याकरण महिन्याभरात कुठे जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दहा वर्षांची आहे, घरीच शिकते. व्याकरणाचा धडा शिकवला की तिला समजतो, स्वाध्यायातली वाक्येही बहुतेक बरोबर येतात, पण महिन्याभराने विचारले तर पाटी कोरी. विशेषण आणि क्रियाविशेषण यांतला फरक तर तीनदा शिकवून झाला. धाकटा भाऊ सात वर्षांचा, तोही आता सोबत बसू लागला आहे. तेव्हा पुस्तक पुन्हा पहिल्यापासून घ्यावे, की पुस्तकच बदलावे?

दोन्ही करू नका. चौथ्यांदा शिकवले तर तिला चौथ्यांदा समजेल आणि चौथ्यांदा निसटेल. समजण्यात ती कुठेच कमी पडत नाही. धडा संपल्यावर तो विषय तिला पुन्हा कोणी विचारत नाही, दुखणे तिथे आहे. शाळेत निदान चाचणी येते, सहामाही येते, बाई अचानक फळ्यापाशी उभे करतात. घरी तो धाक नसतो आणि नसावाच, पण धाकाबरोबर आठवून सांगण्याची वेळही निघून जाते. घरच्या शिकवण्यात व्याकरण टिकत नाही त्याचे सगळ्यात मोठे कारण मला हेच दिसत आले आहे. शिकवणे पुष्कळ होते, विचारणे फार थोडे, आणि जे विचारले जाते ते धडा संपता संपता, ताजे असताना.

स्वाध्याय बरोबर येतात म्हणजे धडा पक्का झाला, असे आपण धरून चालतो. स्वाध्यायाचे पान नीट बघा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, ‘खालील वाक्यांतील विशेषणे अधोरेखित करा’. खाली दहा वाक्ये, प्रत्येकात एक विशेषण, बहुधा नामाच्या आधी. तिसऱ्या वाक्यापासून मूल विचार करणे सोडते आणि नामाआधीच्या शब्दाखाली रेघ ओढत सुटते. दहापैकी दहा! हा शब्द कोणत्या जातीचा, हा निर्णय तिने एकदाही घेतलेला नसतो, तो शीर्षकाने आधीच घेऊन ठेवलेला असतो. महिन्याभराने तुम्ही शीर्षकाशिवाय विचारता तेव्हा ती तो निर्णय आयुष्यात पहिल्यांदा घेत असते. याला विसरणे म्हणणेसुद्धा फारसे बरोबर नाही.

गणितात हे मोजून पाहिलेले आहे. रोरर आणि टेलर या दोघांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना काही घनाकृतींचे आकारमान काढायला शिकवले. एका गटाला एकेका प्रकारची उदाहरणे सलग दिली, दुसऱ्या गटाला सगळी सरमिसळ करून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि सरमिसळवाले ६३ वर होते. कोणते सूत्र लावायचे हे ठरवण्याचा सराव दुसऱ्याच गटाला मिळाला होता. व्याकरण तर सगळे ‘हे कोणते’ हे ठरवण्याचेच शास्त्र आहे.

आता तुमच्या मुलीच्या अडचणीकडे वळू, कारण ती वाटते तेवढी साधी नाही. तिच्यासमोर ही तीन वाक्ये ठेवा:

तो चांगला मुलगा आहे.
तो मुलगा चांगला आहे.
तो चांगला गातो.

तिन्हींत ‘चांगला’. पहिल्यात नामाआधी आलेले विशेषण. दुसऱ्यात नामानंतर आले तरी विशेषणच, पुस्तकी भाषेत विधिविशेषण. तिसऱ्यात ते गाण्याच्या क्रियेबद्दल सांगते, म्हणून क्रियाविशेषण. ‘नामाआधी येते ते विशेषण’ एवढ्यावर शिकलेले मूल दुसऱ्या वाक्यात अडकते. काही पालक मग लिंग बदलून बघायला सांगतात, शब्द बदलला तर विशेषण, नाहीतर क्रियाविशेषण. ही युक्ती मराठीत दगा देते, कारण ‘ती चांगली गाते’ असे आपण सर्रास म्हणतो. क्रियाविशेषणही बदलले! आणि ‘सुंदर’ हा शब्द विशेषण असूनही कुठेच बदलत नाही. शेवटी खात्रीचा प्रश्न एकच उरतो: हा शब्द कोणाबद्दल सांगतो आहे, माणसाबद्दल किंवा वस्तूबद्दल, की कृतीबद्दल? ‘सुंदर गाणे गाते’ आणि ‘सुंदर गाते’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की दहा वर्षांच्या मुलाला फरक ऐकू येतो. व्याख्या पाठ असण्यापेक्षा हा एक प्रश्न स्वतःला विचारता येणे कितीतरी जास्त टिकते, कारण विसरले तरी तो पुन्हा विचारता येतो.

तेव्हा आधी प्रत्येक मुद्द्यासाठी असा एक तपासणीचा प्रश्न ठरवा आणि वर्षभर तोच वापरा. व्याकरणातल्या प्रयोगांसाठी, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते (कर्तरी), कर्माप्रमाणे (कर्मणी) की कोणाहीप्रमाणे नाही (भावे) हे ओळखण्यासाठी, मी नाम बदलून बघायला सांगते. ‘मुलीने पुस्तक वाचले’ यात मुलीच्या जागी मुलगा घाला, ‘मुलाने पुस्तक वाचले’, क्रियापद हलले नाही. पुस्तकाच्या जागी गोष्ट घाला, ‘मुलीने गोष्ट वाचली’, क्रियापद हलले. म्हणजे क्रियापद कर्माच्या तालावर चालते, कर्मणी. ‘मुलीने मांजराला पकडले’ यात दोन्हीकडे काहीही बदला, ‘पकडले’ तसेच राहते, म्हणून भावे. ही चाचणी हातात असली की ‘मी गोष्ट ऐकली’ या वाक्यात कर्त्याला ‘ने’ दिसत नसला तरी मूल फसत नाही. ‘ती धडा शिकली’ हे भूतकाळी वाक्य असूनही कर्तरी आहे, हेही त्याला स्वतःलाच सापडते. ज्याने ‘ने दिसला की कर्मणी’ एवढेच घोकले, ते या दोन्ही ठिकाणी आपटते. (दहाव्या वर्षी प्रयोग शिकवायलाच हवेत असे मात्र मला वाटत नाही. दोन वर्षांनी तोच भाग निम्म्या वेळात होतो.)

आता विचारायचे कधी आणि कसे. रोजच्या अभ्यासाची पहिली पाच मिनिटे व्याकरणाला द्या, नवीन शिकवायला नव्हे, जुने विचारायला. ती सध्या जे गोष्टीचे पुस्तक वाचते आहे त्यातली तीन-चार वाक्ये घ्या. मुद्दाम रचलेली वाक्ये नकोत, कारण ती आपोआप सोपी होतात. एका वाक्यात विशेषण विचारा, दुसऱ्यात सर्वनाम, तिसऱ्यात ‘मागे’ हा शब्द. ‘तो मागे वळला’ आणि ‘घरामागे विहीर होती’ यांत ‘मागे’ एकच काम करतो का? विषयांचा क्रम ठेवू नका, आणि आज कशावर प्रश्न येणार याचा सुगावाही लागू देऊ नका.

विचारल्यावर थांबा. ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आणि अडचण मुलांकडून क्वचितच येते. आई किंवा बाबा तीन सेकंदांत उत्तराचे पहिले अक्षर पुरवतात, ‘वि... वि...’, आणि मूल ‘विशेषण!’ म्हणून मोकळे होते. आठवण्याचे कष्ट तुम्ही केलेत, तिने फक्त शब्द पुरा केला. दहा-पंधरा सेकंदांची शांतता सोसा. नाहीच आले तर नियम सांगू नका, तपासणीचा प्रश्न आठवून द्या: ‘कोणाबद्दल सांगतो आहे?’ तरीही नाही आले तर उत्तर सांगा, रागावू नका, आणि तोच मुद्दा दोन दिवसांनी वेगळ्या वाक्यात विचारा.

हे कष्ट का सोसायचे? रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने तपासले तर आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे. घरी आपण उजळणी म्हणून धडा परत वाचून घेतो ती पहिल्या प्रकारची असते. त्या दिवशी ती छान वाटते, म्हणूनच ती सुटत नाही.

अंतराबद्दल पालक फार काटेकोर वेळापत्रक मागतात. त्याची गरज नाही, दिशा कळली की पुरते. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की जितका काळ लक्षात राहायला हवे तितके उजळणीचे अंतर वाढवावे. आठवड्यानंतरच्या चाचणीसाठी सुमारे एका दिवसाचे अंतर सर्वांत फायद्याचे ठरले, वर्षाच्या आसपासच्या काळासाठी सुमारे तीन आठवड्यांचे. त्यांनी सामान्यज्ञानाच्या तुटक गोष्टी विचारल्या होत्या, व्याकरण नव्हे, म्हणून हे आकडे शिलालेखासारखे मानू नका. मी साधारण असे ठेवते: नवा मुद्दा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. तुमच्या स्वतःच्या वहीत मुद्दा आणि तारखा लिहा, मुलीच्या वहीत नव्हे. तिला तारीख कळली की ती आदल्या रात्री वाचून येते, आणि मग तुम्हाला खरे कळत नाही.

यात काही वेळा ती साफ विसरलेली निघेल. हबकू नका. हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा आलेख मांडला. विसरणे सुरुवातीला वेगाने होते आणि पुढे मंदावते, हे त्याचे निरीक्षण सगळे सांगतात. त्याने मोजले मात्र वेगळेच होते. एकदा पाठ केलेले पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो, ते. म्हणजे आठवत नाही असे वाटणारेही दुसऱ्या वेळी लवकर येते. तुमच्या मुलीला चौथ्यांदा अख्खा धडा नको, तीन वाक्ये आणि दहा मिनिटे पुरतात.

कार्डांची पेटी अनेकांना आवडते. जर्मन लेखक सेबास्टियन लाइट्नर यांनी १९७२ साली ती लोकप्रिय केली. उत्तर आले तर कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा विचारले जाते, चुकले तर पहिल्या कप्प्यात परत. नावांसाठी, विभक्तीच्या प्रत्ययांसाठी पेटी झकास चालते. पण व्याकरणाच्या वाक्यांसाठी ती एका ठिकाणी फसते. चार वेळा तेच कार्ड आले की मुलाला कार्डच पाठ होते, ‘निळ्या कोपऱ्याचे, उत्तर सर्वनाम’. म्हणून कार्डावर वाक्य लिहू नका, काम लिहा: ‘हातातल्या पुस्तकाचे कोणतेही पान उघड आणि पहिल्या परिच्छेदातून एक शब्दयोगी अव्यय (‘घरामागे’मधल्या ‘मागे’सारखा नामाला जोडून येणारा शब्द) शोधून दाखव.’ कार्ड तेच, प्रश्न दरवेळी नवा. कधी त्या परिच्छेदात शब्दयोगी अव्यय नसतेच. ‘नाही’ हे उत्तर छातीठोकपणे देता येणे ही पक्केपणाची उत्तम खूण आहे.

विभक्तीचा विषय निघालाच आहे तर: ‘स ला ते, स ला ना ते’ ही चाल मुले आनंदाने म्हणतात, म्हणू द्या. पण तिच्या भरवशावर राहू नका. द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचे प्रत्यय तेच असल्याने चाल पाठ असूनही ‘मुलाला पाहिले’ आणि ‘मुलाला पुस्तक दिले’ यांत फरक सांगता येत नाही. दुसऱ्या वाक्यात देण्याची वस्तू पुस्तक आहे, मुलगा ती घेणारा, म्हणून चतुर्थी. पहिल्यात पाहण्याची क्रिया थेट मुलावरच. ही दोन वाक्ये नेहमी जोडीने विचारा.

शुद्धलेखनाचे मात्र तंत्र वेगळे. तिथे नियम सांगता येणे आणि लिहिताना तो हातून घडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘शब्दातला शेवटून दुसरा दीर्घ इकार किंवा उकार सामान्यरूपात (प्रत्यय लागताना होणाऱ्या रूपात) ऱ्हस्व होतो’ हे मूल तोंडपाठ म्हणते आणि पुढच्याच ओळीत ‘फूलाचा’ लिहिते. इथे पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांचा फारसा उपयोग नाही, श्रुतलेखनाचा आहे. आठवड्यातून दोनदा पाच-सहा ओळी सांगा, पण त्या तिच्याच चुकांतून बनवा. गेल्या पंधरवड्यात ‘फूलाचा’, ‘बहीणीला’, ‘मूलांनी’ असे लिहिले असेल तर उताऱ्यात फूल आणि फुलाचा, बहीण आणि बहिणीला, मूल आणि मुलांनी हे दोन्ही यायला हवेत. फक्त बदललेली रूपे घातली तर ती सगळीकडे ऱ्हस्व करत सुटेल. पुढे कधीतरी ‘शरीर, शरीराला’, ‘सूत्र, सूत्राला’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मिसळा, ते बदलत नाहीत. ‘बुद्धी’ दीर्घ आणि ‘बुद्धिबळ’ ऱ्हस्व, हेही असेच हळूहळू. घाई केली तर आधीचे घडलेलेही विस्कटते.

तिने मनाने लिहिलेली गोष्ट किंवा पत्र हाती आले की लाल शाई आवरा. लिहीत असताना तर काहीच बोलू नका. दुसऱ्या दिवशी एकाच प्रकारची चूक निवडा, समजा सामान्यरूपाची, आणि जिथे ती आहे त्या ओळीच्या समासात पेन्सिलीने फक्त ठिपका द्या. चूक कुठल्या शब्दात आहे हे तिने शोधायचे. बाकीच्या चुका त्या दिवशी डोळ्यांआड करा, हे जमायला पालकांना वेळ लागतो.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. शब्दांच्या जाती ओळखता आल्याने लेखन सुधारते अशी आशा असेल तर ती सोडा. ग्रॅहम आणि पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांवरील लेखनविषयक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात सुटे व्याकरण शिकवण्याचा लेखनाला फायदा दिसला नाही, उलट परिणाम उणा आला. वाक्ये जोडण्याच्या सरावाचा मात्र चांगला फायदा दिसला. हा सराव मराठीत फार सुरेख होतो. ‘पाऊस थांबला. मुले मैदानावर गेली.’ ही दोन वाक्ये द्या आणि जितक्या प्रकारांनी जोडता येतील तितक्यांनी जोडायला सांगा. ‘पाऊस थांबला आणि मुले मैदानावर गेली.’ ‘जेव्हा पाऊस थांबला तेव्हा मुले मैदानावर गेली.’ ‘पाऊस थांबल्यावर मुले मैदानावर गेली.’ संयुक्त, मिश्र, केवल ही नावे नंतर चिकटवता येतात, आणि अशी चिकटवलेली नावे टिकतात, कारण वाक्ये तिची स्वतःची असतात. आठवड्यातून एकदा हे घ्या. ‘थांबताच’, ‘थांबेपर्यंत’, ‘थांबला तरी’ असे अर्थ बदलत गेले की मुलांना खेळ चढतो.

सात वर्षांच्या भावाचे काय? त्याला नामे आणि क्रियापदे एवढेच पुष्कळ झाले. पण दोघे एकत्र बसतात तिथे एक घोळ होतो, तो टाळा. मोठीला उत्तर आधी सुचते, ती बोलते, आणि धाकट्याची आठवण्याची संधी तिथेच संपते. काही दिवसांनी तो प्रयत्नही सोडून देतो. दोघांना पाटी द्या. उत्तर लिहून पाटी पालथी ठेवायची, दोघांचे झाले की एकदम उलटी करायची. मधूनमधून मोठीला त्याला समजावून सांगू द्या. समजावताना ती कुठे अडखळते ते बघून तिचा पुढच्या आठवड्याचा प्रश्न ठरवता येतो.

पुस्तक बदलण्याचा विचार मनातून काढाच. मराठी व्याकरणात वर्गीकरणाचे वाद जुने आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामल्यांचे १९११ चे. तेव्हापासून आजपर्यंत प्रयोग किती आणि कोणते, यावरही सगळ्यांचे एकमत नाही. अभ्यासकाला त्यात गंमत आहे. पण एका पुस्तकात तीन प्रयोग, दुसऱ्यात त्यांचे पोटप्रकार, तिसऱ्यात वेगळीच नावे, अशी वर्षाआड अदलाबदल झाली तर मूल विसरले की गोंधळले हेच कळेनासे होते. एक पुस्तक धरा, त्यातली परिभाषा निदान तीन-चार वर्षे तशीच ठेवा. परीक्षा द्यायची असेल तर त्या परीक्षेच्या पाठ्यपुस्तकाची परिभाषा घ्या.

सगळेच टिकायला हवे असेही नाही. लिंग, वचन, क्रियापदाचा मेळ हे तिच्या कानात आधीपासून आहे. ती ‘मुलगी आला’ कधी म्हणणार नाही, मग ते शिकवत आणि विचारत वेळ कशाला घालवायचा? विशेषणांचे पोटप्रकार, अव्ययांची लांबलचक वर्गवारी ही परीक्षेच्या आधी दोन महिने घेतली तरी चालते. दहा-अकराव्या वर्षी शब्दांच्या मुख्य जाती, वाक्याचे भाग, विभक्तीची ढोबळ ओळख आणि सामान्यरूपाचे लेखन एवढे पक्के झाले तर मी समाधानी असते. मात्र वाचनच अडखळत होत असेल, रोज वाचूनही अक्षरे उलटसुलट होत असतील, तर अडचण व्याकरणाची नाही. अशा वेळी या सगळ्याचा आग्रह थांबवून वाचनातील अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

मोठ्या सुट्टीनंतर पहिला आठवडा नवीन काही घेऊ नका, रोज फक्त पाच मिनिटांची विचारपूस करा. कुठे काय उरले ते तुमच्या वहीत आपोआप दिसेल. आणि एखादा मुद्दा तीन महिन्यांच्या अंतराने लागोपाठ दोनदा, नव्या वाक्यांत, सूचनेशिवाय बरोबर आला की त्याचे कार्ड तिच्याच हाताने पेटीतून काढायला सांगा, पुढे तो विचारू नका.